नाताळची वर्दी

तानुबाई बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवलेली बरी, कारण तिचं बोलणं लवकर आटपत नाही. साठी ओलांडून गेलेली, अंगानं वाळकी, काष्टा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात तिच्याहून उंच काठी. आटपाडीकडच्या एका वाडीत तिचं पत्र्याचं घर आहे, चांगलं ऐसपैस. पण त्या घरात ती पाहुणीसारखी राहते. दिवाळी सरली की मेंढरं, दोन घोड्या, कोंबड्या, एक कुत्रं आणि नवरा एवढं बिऱ्हाड घेऊन ती पश्चिमेला निघते, ती पावसाच्या तोंडावरच परतते. धनगराची लेक, पायाला भिंगरी. कुणा शहाण्यानं एकदा तिला म्हटलं, "मावशी, अख्खा जन्म रस्त्यावर काढलात की." त्यावर ती म्हणाली, "रस्त्यावर काढला, पर रस्त्यावर आलो न्हाई आमी."

वाट आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. कडेगावच्या माळावर पूर्वी मेंढरू मोकळं सोडलं तर दिवस मावळेपर्यंत चरायचं. आता तिथं पाणी आलंय आणि दोन्ही अंगांना ऊस उभा आहे. मेंढरं डांबरावरून चालतात, मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतात. तानुबाई हॉर्नला भीक घालत नाही. "तुज्या ट्रॅक्टरला बिरेक हाय, माज्या मेंढराला न्हाई," असं सुनावून ती आपल्या चालीनं चालते. मार्गशीर्ष लागता लागता मलकापूर मागं टाकून ती कोयनेकाठच्या आंबेशेतात पोचते. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. आणि तिथंच, गावाच्या कडेला, ख्रिस्ती वस्तीचं देऊळ आहे. त्या देवळात तानुबाईच्या सासरच्या घराण्याचा मान आहे.

बिरोबाला नारळ फोडणाऱ्या धनगराचा येशूच्या देवळात मान कसला, असं परक्या माणसाला वाटतंच. आंबेशेतात ते कुणालाच वाटत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला देवळात पाळणा बांधतात. सागवानी पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, आत कापडाची बाहुली. बायका करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं घेऊन येतात, सुंठवडा कुटून ठेवलेला असतो. सगळी वस्ती जमते, पण पाळण्याची दोरी कुणी ओढत नाही. धनगर यायचा असतो. खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर कोकरू घेऊन देवळाच्या दारात उभा राहतो आणि गावाकडं तोंड करून आरोळी देतो, "पोरगं झालं हो!" ही वर्दी. ती दिल्यावर घोंगडं पाळण्याखाली अंथरायचं, मग दोरी ओढायची. मग बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात आणि म्हणतात, "कुणी येशू घ्या, कुणी इम्मानुएल घ्या." सुंठवड्याची पहिली चिमूट धनगराच्या तळहातावर पडते.

बाहेरगावचे पाहुणे हे बघून चक्रावतात. सुंठवडा तर रामनवमीचा, आणि बाळाला वरखाली करणं हे घरोघरच्या बारशाचं. ते नाताळात कसं आलं? त्यांना बनुबाईकडं पाठवतात. बनुबाई वस्तीतली सगळ्यात थोरली. दात गेलेत, पण पाळण्याची दोरी अजून तिच्याच हातात आहे. ती एकच उत्तर देते. "आमच्या आज्ज्यांनी देव बदलला. पर घरात लेकरू जल्मलं की काय करायचं ते त्यास्नी एकच ठावं हुतं. मग तेच केलं. दुसरं काय करायचं हुतं, टाळ्या वाजवून घरी जायचं?" पाहुणे हसतात आणि करंजीला हात घालतात.

धनगराचा मान मात्र निराळ्या वाटेनं आला. तो एका चुकीतून आला, आणि ती चूक फक्त मेंढकाच करू जाणे. तानुबाईच्या नवऱ्याचा, म्हणजे हरिबाचा आजा होता आकाराम. त्या काळी देऊळ कौलारू होतं आणि भिंती कुडाच्या. नाताळच्या आदल्या सांजेला आकाराम शेजारच्या रानात मेंढरं जाळीत कोंडत होता. आत पाळक, म्हणजे वस्तीचे धर्मगुरू, मोठ्यानं वाचत होते की रानात मेंढके मेंढरं राखत होते, त्यांना देवदूतानं सांगितलं की बाळ जन्मलंय, जा आणि बघा. आकारामाच्या कानावर एवढंच पडलं की कुणाच्या तरी घरी मूल झालंय आणि मेंढक्याला बोलावणं आहे. आता रानात मेंढका तर तो एकटाच. हातातली जाळी टाकून तो तसाच धावत सुटला आणि देवळाच्या दारात येऊन म्हणाला, "आवं, मला आत्ता कळतंय! काय झालं, पोरगं का पोरगी?" आतून कुणीतरी गोंधळून "पोरगं" म्हणालं. पुढचं ऐकून घेण्याइतका धीर आकारामाला नव्हता. तो गावाकडं तोंड करून ओरडला, "पोरगं झालं हो!" अर्धा गाव धावत आला. कुणी गूळ आणला, कुणी घुगऱ्या आणल्या, आणि कुणाला झालं हे विचारत सगळे देवळात शिरले.

ते पाळक शहाणे असले पाहिजेत. बाबा रे, ही जुनी गोष्ट आहे, तू आपला मेंढरांकडं जा, असं ते म्हणाले नाहीत. "आकाराम, आत ये, बाळाला थंडी वाजतेय," एवढंच म्हणाले. आकारामानं खांद्यावरचं घोंगडं काढून पाळण्याखाली अंथरलं. दुसऱ्या दिवशी खरा प्रकार कळल्यावर तो चांगलाच ओशाळला, असं गावात सांगतात. तानुबाईला हे मान्य नाही. "का म्हून ओशाळंल? बाळ झाल्याची पैली खबर मेंढक्याला मिळाली, असं त्यांच्याच पुस्तकात हाय न्हवं? मग मान कुणाचा?" गावगाड्यात मान असाच ठरतो. ज्याचं पाऊल पहिलं, त्याचा विडा पहिला. तेव्हापासून वर्दी आकारामानं दिली, मग त्याच्या मुलानं, मग हरिबानं.

हरिबाच्या आवाजाची तऱ्हाच वेगळी होती. त्यानं आंबेशेतात हाळी दिली की कोयनेपल्याड औत थांबायचं, असं म्हणत. त्यात थोडं मीठमसाला असेल, पण थोडंच. तानुबाईनं लग्नाआधी हरिबाला पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. पलीकडच्या माळावरून त्याची मेंढरांना घातलेली हाक यायची आणि ती हातातलं काम सोडून उभी राहायची. आईनं विचारलं, स्थळ आलंय, मुलगा बघायचा का, तर म्हणाली, "बघायचं काय त्यात, ऐकलाय की." पुढं संसारात भांडणं झाली, दुष्काळ झाले, लांडग्यानं मेंढरं नेली. पण त्या आवाजाची तिला कधी सवय झाली नाही. दरवर्षी देवळाच्या दारात त्यानं वर्दी दिली की ती मागं उभी राहून मान ताठ करायची, जणू आरोळी तिनंच दिली.

यंदा पावसाळ्यात हरिबाच्या घशात गाठ निघाली. मिरजेला मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यानं मेंढरांना हाक घालायला तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. तानुबाई त्या दिवशी चुलीमागं बसून पोटभर रडली. मग तोंड धुतलं, काठी घेतली आणि स्वतः हाका घालायला माळावर गेली. हे आजवर बाप्यांचं काम. मेंढरांनी पहिल्यांदा तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. घसा सुजला, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजारची वाडी हसली. तिनं सोडलं नाही. दसऱ्याला मेंढरांचं सगळं खांड तिच्या एका हाकेवर वळायला लागलं, आणि हसणाऱ्या शेजाऱ्यांना तिनं मुद्दाम दोनदा वळवून दाखवलं.

अशी ती यंदाही आंबेशेतात आली. वाडा उतरला. धनगरांचा वाडा म्हणजे भिंती नसलेला. रानातला मुक्काम, तीन दगडांची चूल आणि जाळीत मेंढरं. दरवर्षी बनुबाई गुळाचा खडा घेऊन तिथं आवतण द्यायला येते. यंदाही आली, पण गूळ दिला आणि बसली नाही. उभ्या उभ्या पदर चाळवत राहिली.

"काय झालं आक्का? मुंग्या चावल्या व्हय?" तानुबाईनं विचारलं.

"तानू, रागावू नगंस. देवळातल्या पोरांनी ठरीवलंय, औंदा वर्दी डब्यातनं द्यायची."

मग सगळं बाहेर आलं. तानुबाईचा मुलगा इंद्रजित सांगलीला विश्रामबागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मागं एकदा त्यानं बापाची वर्दी मोबाईलवर टिपून ठेवली होती, ती त्यानं आता पाळकांना पाठवली. हे पाळक म्हणजे अनीश रणभिसे. नगरकडचे, तरुण, भला माणूस. पहिल्या वर्षी ते वाड्यावर ओळख करून घ्यायला आले तेव्हा तानुबाई म्हणाली होती, "तुमी बी पाळक, आमी बी पाळक. तुमची मेंढरं दोन पायांची, एवढाच फरक. वळत्यात का?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "नाही वळत." तेव्हापासून दोघांचं बरं होतं. हरिबाचा जुना आवाज ऐकून त्यांना भरून आलं. देवळासाठी नवा स्पीकरचा डबा घेतलेलाच होता. त्यावर हरिबाकाकांचा आवाज दरसाल लावायचा, म्हणजे मान राहील आणि आजारी माणसाला थंडीत तिष्ठावंही लागणार नाही, असं त्यांनी मनापासून ठरवलं होतं.

"दरसाल?" तानुबाईनं विचारलं.

"दरसाल. तुमी आला तरी, न्हाई आला तरी."

तिला लागलं ते हेच. मान म्हणजे शेवटी काय, तर आपल्यावाचून कुणाचं तरी अडणं. डब्यानं वर्दी दिली तर धनगरावाचून आंबेशेतात काहीच अडणार नव्हतं. दोन-चार वर्षांनी कुणी विचारणारही नाही, यंदा वाडा आला का म्हणून. हा मान हातचा जाऊ द्यायचा नाही, हे तिनं बनुबाईची पाठ फिरायच्या आत ठरवलं आणि लेकाला फोन लावला.

"व्हय रं, जित्या बापाला डब्यात घातलास?"

"आये, चांगल्यासाठीच केलं की. आबाचा आवाज ऱ्हाईल."

"मग तू दे वर्दी. आबाच्या मागं तुजाच मान."

"मी? न्हाई गं आये. चारचौघांत तसं बोंबलायला लाज वाटती मला."

"दुकानात दिसभर हॅलो हॅलो बोंबलतोस, तवा कुठं जाती लाज?" इंद्रजित हसला. तानुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मीच देती वर्दी."

पलीकडचं हसू थांबलं. "बायका कुठं वर्दी देत्यात आये? आबाला तरी इचार."

हरिबा शेजारी बसून लोकरीचं सूत काढत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. मग डोक्यावरच्या पटक्याला हात लावून दाखवला, की हे पटका बांधणाऱ्याचं काम आहे. तानुबाईला एवढा राग आला की तिनं भाकरी थापायची सोडून दिली. त्या दिवशी दोघांनी आदल्या दिवशीचंच खाल्लं, पाठीला पाठ लावून.

दोन दिवसांनी सकाळी इंद्रजित स्वतः आला. आईचा राग फोनवर उतरत नाही हे त्याला माहीत होतं. आल्या आल्या म्हणाला, "आये, आधी ऐक तरी," आणि त्यानं मोबाईल घोंगड्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"पोरगं झालं हो!"

हरिबाचाच आवाज, जसाच्या तसा, भरदार. तानुबाईला वाटलं, सगळा हट्ट सोडावा आणि हेच ऐकत बसावं. हरिबा तर लहान पोरासारखा हसला आणि त्यानं बोटानं खूण केली, पुन्हा लाव. इंद्रजितनं पुन्हा लावलं. तेव्हा पलीकडं चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या. म्हातारी मेंढी पुढं निघाली, तिच्यामागं बाकीची. सगळी येऊन मोबाईलभोवती जमली. त्यांनी मोबाईल हुंगला, घोंगडं हुंगलं. हरिबा तिथंच हातभर अंतरावर बसला होता, पण त्याच्याकडं एकाही मेंढरानं बघितलं नाही. थोड्या वेळानं ती एकेक करून परत चरायला गेली.

हरिबाचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. त्यानं मोबाईल उचलून पालथा ठेवला आणि सुताची चाती हातात घेतली. तानुबाईला त्याची फार कीव आली, पण ती बोलली नाही. आपण बोललो तर तो आणखी मिटेल हे तिला माहीत होतं. तिनं त्याच्यासाठी गरम दूध केलं आणि त्यानं ते घेतलं, एवढ्यानं दोघांचं भांडण मिटलं. वर्दीचं मात्र मिटलं नाही. संध्याकाळी तिनं पुन्हा विषय काढला तेव्हा त्यानं पुन्हा पटक्याला हात लावला, फक्त या वेळी जरा हळू.

नाताळच्या आदल्या सांजेला तिघं देवळाकडं निघाली. पुढं हरिबा, पांढरा पटका आणि खांद्यावर घोंगडं. मागं तानुबाई, काखेत कोकरू. तिच्यामागं इंद्रजित, मोबाईल हातात. देऊळ आता सिमेंटचं आहे, आत गुळगुळीत फरशी, आणि दारावर उंच बांबूला कागदाची मोठी चांदणी टांगलेली. चांदणीखाली काळा डबा ठेवला होता. वस्ती जमली होती, बायकांच्या ताटांवर पांढरी फडकी होती, बनुबाई पाळण्याशी दोरी धरून बसली होती. नव्या फरशीवर कोकरानं काही करू नये म्हणून कुणीतरी गोणपाट अंथरलं होतं. तानुबाईनं ते बघितलं आणि कोकराला मुद्दाम बाजूला फरशीवर उतरवलं.

पाळक पुढं आले. त्यांनी हात जोडले, हरिबाला खुर्ची दिली. "काका, तुम्ही फक्त बसा. आज तुमचा आवाजच काम करणार आहे." इंद्रजितनं डब्याला मोबाईल जोडायला घेतला.

"थांबा जरा पाळकसायेब," तानुबाई म्हणाली.

"काय झालं काकी?"

"ही वर्दी औंदाची न्हवं, मागली हाय. मागल्या जल्माची वर्दी औंदा कशी चालंल?"

पाळक हसले. "काकी, बाळ तर एकच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जन्मलंय."

सगळेच हसले. तानुबाई लोकांचं हसू संपेपर्यंत थांबली. "मग पाळणा दरसाल का बांधताय? झेंडू नवा, सुंठवडा नवा, कोकरू नवं. एक वर्दीच तेवढी शिळी व्हय?"

पाळकांनी दाढी खाजवली. प्रश्न आवडल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "हे मात्र बरोबर आहे," ते म्हणाले. "मग इंद्रजितनं द्यावी." इंद्रजित वायरीकडं बघायला लागला.

"मी देती की."

आता कुजबुज झाली. पंचांतले नाथाजी भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "तानुबाई, तुमचा मान कोण न्हाई म्हणतंय? पर वर्दी बाप्यानं द्यायची रीत हाय. पार आकारामापास्नं."

"नाथाजी, तुमी जल्मला तवा तुमच्या बाला कुणी सांगितलं?"

"मला काय ठावं? सुईणीनं सांगितलं आसंल."

"आसंल न्हवं, तिनंच सांगितलं. बाप्ये भाईर तमाकू मळत बसत्यात. आतलं आतल्या बाईलाच ठावं. दार उघडून भाईर येती आन सांगती, ती बाईच. आमचा आकारामबाबा ऐकून वरडला, त्यो भोळा. पर खरी वर्दी सुईणीची." मग ती पाळकांकडं वळली. "पाळकसायेब, तुमच्या पुस्तकात सुईण कोण हुती?"

"तसं काही लिहिलेलं नाही काकी."

"न्हाई? मग बाळाची नाळ कुणी कापली?"

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही," पाळक म्हणाले, "आणि मलाही कधी सुचलं नाही."

"बया!" बनुबाई दोरी सोडून पुढं सरकली. "गोठ्यात, परक्या गावात, पैलंच लेकरू, आन जवळ एक बाई न्हाई? आसं हुईल कसं? आसंल की कुणीतरी आडोसपाडोसची. मेंढक्याची बायकू आसंल."

"मेंढक्याचीच," तानुबाई ठासून म्हणाली. "रानात दुसरं हाय कोण जवळ? आमीच."

बायकांत हशा पिकला, पण तो तिच्या बाजूचा हशा होता. नाथाजींनीही मान हलवली. म्हणाले, "आमचं काय न्हाई. मान हरिबाचा हाय, त्येनं सांगावं." तेव्हा सगळ्यांनी हरिबाकडं बघितलं.

हरिबा खुर्चीत बसून होता. त्यानं काळ्या डब्याकडं बघितलं, मग लेकाच्या हातातल्या मोबाईलकडं. सगळ्या देवळाशी ती भांडली असती, पण या एका माणसानं पुन्हा पटक्याला हात लावला असता तर ती काही बोलू शकली नसती. हरिबा उठला. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. ते एका बाजूनं घसरत होतं, म्हणून नीट करून दिलं. मग तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला, जिथं ती दरवर्षी उभी राहायची तिथं. तानुबाईचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

ती दारात गेली, गावाकडं तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"पोरगं झालं हो!"

उन्हापावसात मेंढरं वळवून पिकलेला तो आवाज घरांवरून नदीकडं गेला. गावातली कुत्री भुंकली, कुणीतरी खिडकी उघडली. बनुबाईनं दोरीला हात घातला. वर्दी इथं संपते. आकारामापासून हरिबापर्यंत सगळे एवढंच बोलून आत वळले होते.

तानुबाई वळली नाही. इंद्रजित झाला तो अशाच थंडीत, वाटेवर, चार काठ्यांना बांधलेल्या पटकुराच्या आडोशाला. हरिबानं तेव्हा माळभर हेच ओरडून सांगितलं होतं आणि सगळे गुळाला धावले होते. ती आत पडून ऐकत होती, कुणीतरी पुढचं विचारेल म्हणून. कुणी विचारलं नव्हतं. आताही पाळण्यात बाळ होतं, पाळण्याला झेंडू होता, बाळाची आई मात्र कुठंच नव्हती.

तिनं पुन्हा श्वास भरून घेतला.

"आन बाळंतीण सुखरूप हाय हो!"

बनुबाईच्या हातातली दोरी हातातच राहिली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"बया गं," बनुबाई म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. "एवढी वर्सं पाळणा हालवला, पर त्या पोरीची चौकशी आमी एकदा बी केली न्हाई."